रबराची द्राक्षं

अंडं दाबलं गेलं, आणि दाबलेलंच राहिलं. रबराचं अंडं असं वागत नाही. ते चिमटीत धरून कितीही दाबा, सोडलं की पुन्हा गोल गरगरीत होऊन तुमच्याकडे निर्विकार बघत राहतं. हॉस्पिटलातल्या तिच्या टेबलावर, समोरचा पेशंट आपली कर्मकहाणी सांगत असताना, ती वर्षानुवर्षं नकळत ते अंडं दाबत आली होती आणि त्याने तिला कधी दगा दिला नव्हता. हे अंडं मात्र अंगठ्याखाली चिरलं, पांढऱ्यात एक ओलसर फट उघडली आणि आतला पिवळा बलक बाहेर डोकावला. "तर हे," ती वर्गाला म्हणाली, "एक अंडं." शेवटच्या बाकावर बसलेल्या निवड समितीतल्या एकाने ते लिहून घेतलं.

तिने मान खाली घालून डब्यात पाहिलं. निळ्या झाकणाचा डबा. लोणी लावलेल्या ब्रेडचे तिकोनी तुकडे, कडा काढलेले, आणि त्यांच्या शेजारी द्राक्षं. प्रत्येक द्राक्ष उभं चिरलेलं. रबरी द्राक्षं कुणी चिरत बसत नाही, आणि खरी द्राक्षं सकाळच्या घाईत एकेक करून उभी चिरणारी बाई सबंध शहरात एकच असावी, जी आत्ता इथे फळ्यापुढे उभी होती. म्हणजे हा लेकीचा, ढमीचा डबा. आणि ढमीच्या दप्तरात, पाळणाघराच्या त्या बुटक्या फळीवर, निळ्याच झाकणाच्या दुसऱ्या डब्यात रबराचं अंडं, रबराचा ब्रेड आणि रबराची द्राक्षं. अख्खी, गोल, गुळगुळीत, सुटी.

"अंड्यात काय काय असतं?" तिने विचारलं. मुलांनी प्रश्नच वहीत उतरवून घेतला.

डबे सारखे होते कारण एकावर एक फुकट मिळाला होता. पेशंटना प्रमाण दाखवायचे रबरी पदार्थ एरवी एका मोठ्या बॅगेत असत, पण बॅग घेऊन डेमो लेक्चरला गेलं की माणूस औषधं विकायला आल्यासारखं दिसतं असं नवऱ्याचं मत पडलं, म्हणून आजच्यापुरते मोजके तिने या डब्यात काढले होते. सकाळी दोन्ही डबे ओट्यावर होते. नवऱ्याने एका पायात मोजा घालता घालता विचारलंही होतं, "यातला तिचा कुठला?" झाकण उघडून बघायला कितीसा वेळ लागतो? पण तिने झाकण उघडलं नाही. तिने दोन्ही डबे दोन हातांत घेऊन तोलले. तिच्या हाताला वजन कळतं असा हॉस्पिटलात तिचा लौकिक होता; स्वयंपाकघरातला आचारी ट्रेमध्ये भात वाढायचा आणि ती नुसता ट्रे उचलून म्हणायची, जास्त झाला. तर तिने डबे तोलले आणि जो हलका तो ढमीचा असं ठरवलं, कारण ढमी तीन वर्षांची आणि तीन वर्षांच्या मुलाचं प्रमाण कमी. पोकळ रबर अन्नापेक्षा हलकं असतं ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. दुसरी कुठलीही आई ही चूक करू शकली नसती. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं.

तोंड बोलतच होतं. हा एक शोध तिला या तासाला लागला, की आपलं तोंड आपल्यावाचूनही चालतं. ते प्रथिनांबद्दल बोलत होतं, मुलाच्या मुठीएवढं एका वेळचं प्रमाण कसं काढतात ते सांगत होतं, मध्येच हसतही होतं, कारण तालमीत तिथे हसायचं ठरलेलं होतं. ही तालीम तिने न्हाणीघरात केली होती, दाराला कडी लावून. बाहेरून सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "आत लेक्चर चाललंय. बादली पहिल्या बाकावर आहे." विषय समितीनेच दिला होता: एक ते पाच वर्षांच्या मुलांचा आहार. तो वाचला तेव्हा तिला बरं वाटलं होतं, हे तर आपल्या घरचंच. आणि घशात अडकणं हा त्यातला तिचा हातखंडा मुद्दा. हॉस्पिटलात कडेवर मुलं घेऊन येणाऱ्या कितीतरी आयांना तिने द्राक्षाची गोष्ट सांगितली होती. द्राक्ष बघा, गोल असतं, गुळगुळीत असतं, नेमकं पोराच्या श्वासनलिकेच्या मापाचं असतं. देवाने जणू बूच म्हणूनच घडवलंय. हे वाक्य तिला स्वतःला फार आवडायचं. आया हसायच्या आणि मग एकदम हसायच्या थांबायच्या. आत्ता तिने खडू उचलला आणि काय काढतोय हे कळायच्या आत फळ्यावर एक घसा काढला, त्यात एक वर्तुळ काढलं आणि ते वर्तुळ गच्च भरून टाकलं.

"मॅडम, हे परीक्षेला आहे?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"हे सगळ्यालाच आहे," ती म्हणाली.

फोन बाहेर शिपाईकाकांपाशी होता. उमेदवारांनी वर्गात फोन नेऊ नये असा नियम होता, आणि तिने तो हसत हसत देऊनही टाकला होता, नियम पाळणारी बाई म्हणून चांगलं मत व्हावं म्हणून. पाळणाघरात डबे केव्हा उघडतात? दाराच्या वरच्या घड्याळाकडे तिने पाहिलं. आधी गाणी, मग हात धुणं, मग गोल करून बसणं. हात धुण्यात ढमी वेळ काढते, हे एक बरं. पण तिला कुणी पुढे ढकललं तर? ढमी रबर तोंडात घालेल का? इथे तिचं मन जरा थबकलं, कारण ढमी काहीच तोंडात घालत नसे. हे तर सगळ्या घराण्याचं दुखणं होतं. जन्माला आली तेव्हा गोल गुबगुबीत, म्हणून आजोबांनी ढमी म्हटलं, आणि बहुधा नाव ऐकूनच पोर बिथरली. पहिला घास दिला त्या दिवसापासून ओठ मिटले ते मिटलेच. बटाटा नाही, गाजर नाही, पिवळं काही नाही, एकमेकांना चिकटलेलं काही नाही. सासूबाई शेजारणीला म्हणायच्या, "आमच्या घरात आहारतज्ज्ञ आहे हो, म्हणून तर पोर अशी काडी. शिवणकाम करणारी असती तर अंगभर कपडे तरी असते." ती गालातल्या गालात हसून हे सोडून द्यायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. ढमीच्या जेवणाच्या वेळी ती समोर बसायची, चेहरा सैल सोडून, कारण पुस्तकात लिहिलं होतं की आईचा ताण मुलाला कळतो. ती इतक्या नेटाने चेहरा सैल सोडायची की नवरा म्हणायचा, "तू अशी बघू नकोस, मलाच जेवण जात नाही."

म्हणजे ढमी रबराची द्राक्षंही खाणार नाही. पण ही तर तिची रोजची गणितं होती, आणि रोजची गणितं नेमकी नको त्या दिवशी चुकतात. रबराचं काय सांगावं, पोराला आवडायचंही. चमकदार, न चिकटणारं, वास नसलेलं. ढमीला अन्नात जे जे नको असतं त्यातलं काही म्हणजे काही रबरात नव्हतं.

"या वयात," तिचं तोंड म्हणालं, "मूल अन्नाशी नातं जोडत असतं."

मागे समिती होती. मधोमध विभागप्रमुख बाई, शालीचं टोक बोटाला गुंडाळून सोडणाऱ्या. त्यांच्या एका बाजूला दुसऱ्या विद्यापीठातून आलेले तज्ज्ञ, दोन चष्मे असलेले, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. दुसऱ्या बाजूला कुणीतरी प्रशासनातले, ज्यांना मान हलवण्याचा पगार असावा. यांच्यासाठी ती इथे उभी होती. कायमची जागा. आजवर ती कॉलेजात तासिकेवर शिकवायला येत होती, हॉस्पिटलातून धावत, ओढणीला सांबाराचा नाही तरी सुपाचा डाग घेऊन, आणि तास संपला की पुन्हा धावत. ही जागा मिळाली तर ती हॉस्पिटल सोडणार होती. का सोडणार, हे तिने मुलाखतीत सांगितलं होतं ते वेगळं: संशोधन, नवी पिढी, ज्ञानदान. खरं कारण होतं उष्टे ट्रे. लहानपणी तिला डॉक्टर व्हायचं होतं, मार्क थोडे कमी पडले, तेव्हा काका म्हणाले, "खाण्यापिण्याचाही कोर्स असतो. खाणं काय, सगळ्यांनाच लागतं, मरण नाही त्या धंद्याला." तो कोर्स झाला, हॉस्पिटलात लागली, आणि तिला कळलं की आपण जे कागदावर उतरवतो ते दुपारी ट्रेमधून जसंच्या तसं परत येतं. डॉक्टर एका ओळीत मीठ बंद करून पुढच्या खाटेकडे जायचा. शिव्या तिच्या वाट्याला. एक आजोबा उशीच्या अभ्र्यात बिस्किटं ठेवायचे आणि ती दिसली की उशीवर हात ठेवून झोपेचं सोंग घ्यायचे. बायका तिला येताना बघून तोंडातला घास तसाच गालात धरायच्या. लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारी बसलेला माणूस दुसऱ्यांदा गोड घ्यायला कचरायचा आणि पहिल्यांदा घेतल्याबद्दल खुलासा करायचा. हळूहळू तिच्या लक्षात आलं होतं की आपण आलो की लोकांची तोंडं बंद होतात. नेमकी ढमीसारखी.

आणि एकदा नर्सच्या शाळेत कुणी आलं नाही म्हणून तिला उभं केलं. शनिवारची दुपार, पंखा, खडू. तिने जीवनसत्त्वांवर तासभर सांगितलं, मुलींनी उतरवून घेतलं, घंटा झाली, सगळ्या निघून गेल्या. काही परत आलं नाही. एकही ट्रे नाही. तिने सांगितलं ते कुणाच्या पोटात गेलं की नाही हे विचारायला कुणी तिच्याकडे येणार नव्हतं. घरी जाताना तिला इतकं हलकं वाटलं की तिने एक अख्खं आइस्क्रीम उभ्याउभ्या, एकटीने, कुणालाही न सांगता खाल्लं. त्या दिवशी तिने ठरवलं, शिकवायचं. मग पात्रता परीक्षा दिली, ढमी पोटात असताना, बाकापासून हातभर लांब बसून. पेपर तपासणाऱ्याला वाटलं असेल अक्षर असं का, तर अक्षराच्या आणि हाताच्या मध्ये ढमी होती.

आणि आता समोर हा वर्ग. तिने पहिल्यांदा नीट पाहिलं. बाकांमागे बाकं, आणि त्यांवर मिटलेली तोंडं. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणी उद्धट नव्हतं. नुसते ओठ मिटून, डोळे मोठे करून ती सगळी तिच्याकडे बघत होती, आणि ती त्यांच्यापुढे चमचा भरभरून धरत होती: ही प्रथिनं घ्या, हे लोह घ्या, हा एक घास, अजून एकच, मग झालं. मागच्या बाजूला एक मुलगा मान फिरवून खिडकीकडे बघू लागला. ढमी हुबेहूब अशीच मान फिरवते. म्हणजे इथेही तेच. आपण आयुष्यभर ट्रे घेऊन उभं राहणार, फक्त इथे त्याला अभ्यासक्रम म्हणतात.

घड्याळात डब्याची वेळ झाली होती. आत्ता गोल झाला असेल. आत्ता झाकणं उघडत असतील.

"...आणि म्हणून पालकांनी," तोंड सांगत होतं, "घाबरून न जाता," आणि इथे ते बंद पडलं. ती म्हणाली, "माफ करा. मला एक फोन करायचा आहे."

विभागप्रमुख बाईंच्या बोटावरचं शालीचं टोक सुटलं. "आत्ता? अहो, तास संपल्यावर करा."

"मॅडम, तास संपेपर्यंत डबा संपेल."

"कुणाचा डबा?"

"मुलीचा. म्हणजे हा मुलीचा आहे. तिच्याकडे माझा गेलाय." तिने चिरलेलं अंडं वर करून दाखवलं. "हे खरं आहे."

हे कुणालाच कळलं नाही, आणि ते कळून घ्यायला कुणी थांबायच्या आत ती दारात पोचली होती. मागे प्रशासनातल्या गृहस्थांचा आवाज आला, "नियमात बसत नाही हे." आणि दोन चष्मेवाल्यांचा, "पण उमेदवार गेल्याच, आता नियम कुणाला सांगताय?" शिपाईकाकांनी फोन रुमालात बांधून ठेवला होता, ते निवांतपणे एकेक गाठ सोडू लागले. "घाई करू नका मॅडम, गाठ बसते," ते म्हणाले. दार उघडंच राहिलं होतं. पाळणाघराच्या ताईंनी फोन उचलला तेव्हा पलीकडे इतका कलकलाट होता की तिला ओरडावं लागलं, आणि ते सगळं सगळ्यांनी ऐकलं.

"ताई, ढमीचा डबा उघडू देऊ नका."

"कधीच उघडला की," ताई म्हणाल्या. "अहो, काय डबा दिलात आज. सगळी पोरं गोळा झाली बघायला. मला वाटलं काहीतरी अभ्यासाचं आहे."

"द्राक्षं. द्राक्षं कुठे आहेत?"

"कपाटावर. झाकण निघाल्या निघाल्या मी उचलून ठेवली. एवढं कळतं हो मला, इतकी वर्षं पोरं सांभाळतेय. मागे एकाच्या आईने डब्यात घराच्या किल्ल्या दिल्या होत्या."

तिने भिंतीला पाठ टेकली. "मग ती उपाशी आहे," ती म्हणाली. "मी येते. इथून निघते, येते मी डबा घेऊन."

"उपाशी कशाने? खातेय. सगळ्यांच्या डब्यांतून खातेय. याचा एक घास, त्याचा एक घास. आत्ता बटाटा चाललाय."

"बटाटा ती खात नाही, ताई."

"आज तिला कुणी आठवण करून दिली नसेल." ताई कुणाला तरी म्हणाल्या, सांडू नकोस रे, आणि परत फोनवर आल्या. "खरं सांगू, तिच्याकडे बघायला इथे वेळ कुणाला आहे? आम्ही सगळे तुमच्या अंड्याकडे बघतोय. काय उडतं हो ते. बोलायचंय का तिच्याशी? बोलावू?"

हो म्हणण्यासाठी तिचं तोंड उघडलंसुद्धा. डोळ्यांसमोर ते दृश्य आलं: ढमी फोनशी येते, आई विचारते, बटाटा खाल्लास का बाळा, शहाणी माझी, अजून एक खाशील ना, आणि तिकडे ओठ मिटतात. पलीकडून कलकलाट येत होता आणि त्यात कुठेतरी, तिला वाटलं, ढमीचं चावणं होतं. ते ऐकू येणं शक्य नव्हतं. "नको," ती म्हणाली. "बोलावू नका. मी फोन केला होता हेही सांगू नका."

ती आत आली तेव्हा बाकांवरच्या सगळ्या माना दाराकडे वळलेल्या होत्या. खिडकीकडे बघणारा मुलगा तिच्याकडे बघत होता. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना? मग चालू द्या," आणि त्यांच्या आवाजावरून हे काळजीने म्हटलं की नाव खोडून झाल्यावर म्हटलं ते कळेना. गेली जागा, असं तिला वाटलं. वाटण्यात दुःख होतं, पण ते कुठेतरी मागच्या रांगेत बसलं होतं. तिने टेबलावरून टिपण उचललं. वयानुसार प्रमाणांचा तक्ता, तो अजून राहिलाच होता. "एक ते दोन वर्षं," तिने सुरुवात केली, आणि समोरच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं, कुठपर्यंत पोचतंय ते बघायला. तिने पाहिलं तसे पहिल्या बाकावरचे ओठ मिटले. मग दुसऱ्या. तिची नजर जिथे जिथे जात होती तिथे तिथे दारं लागत गेली.

तिने टिपण खाली ठेवलं. मग काही सुचेना म्हणून डस्टर घेतलं, वर्गाकडे पाठ केली आणि फळ्यावरचा घसा पुसायला लागली. खालून सुरुवात केली, सावकाश. मानेला मागचे सगळे डोळे जाणवत होते आणि वळून बघायची अशी अनावर ओढ होती की तिने डाव्या हाताने फळ्याची कड धरून ठेवली. मागे कुणीतरी खाकरलं. बाक कुरकुरला. कुजबुज झाली, थांबली, पुन्हा झाली.

"मॅडम," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण ती बटाटा एरवी खातच नाही?"

"नाही," ती फळ्याला म्हणाली.

"मग तक्त्यात तिला किती लिहायचं?"

तिने डस्टर त्या गच्च भरलेल्या वर्तुळावर आणलं. मागून दुसराच आवाज आला, खिडकीवाल्या मुलाचा असावा. "अगं, तक्ता आठवड्याचा धरायचा, एका दिवसाचा नाही. माझी धाकटी बहीण दोन दिवस काही खात नाही आणि तिसऱ्या दिवशी आमच्या ताटातलं पळवते."

"तुझी बहीण म्हणजे पुरावा नाही."

"मग पुरावा कुठून आणायचा, उपाशी ठेवून?"

कुणीतरी हसलं. तिसरी कुणी म्हणाली की भूक आणि दुसऱ्याचं बघून खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथं कुणी म्हणालं, आमच्या मेसमध्ये त्या एकच आहेत. बाकांवरून बाकांवर वाद सुरू झाला, आडवा तिडवा, तिला वळसा घालून. आणि मग सगळ्यांच्या मागून, समितीच्या बाकावरून, एक जाड, ओशाळा आवाज म्हणाला, "आमचा नातू नुसतं दूध पितो. बाकी काही म्हणून शिवत नाही. त्याची आजी मागे लागून लागून थकली."

"सर, आपण मध्ये बोलायचं नसतं," विभागप्रमुख बाई हळूच म्हणाल्या.

"मी कुठे बोलतोय. मी या मुलाला विचारतोय. हां, तुझी बहीण किती वर्षांची म्हणालास?"

फळा केव्हाच कोरा झाला होता. ती पुसत राहिली.